होम मिनिस्टर परत बघताना: भावोजींना चार स्टार, खेळांना दोन

सध्या रात्री जेवताना झी५वर होम मिनिस्टरचे, म्हणजे घरोघरी जाऊन वहिनींचे खेळ घेणाऱ्या झी मराठीवरच्या शोचे, जुने एपिसोड लावते आणि आधीच सांगते, खेळ बघायला बसलात तर बोअर व्हाल, शाळेच्या गॅदरिंगला घेतात तसलेच आहेत ते, आणि पैठणी कुणालाही मिळाली तरी आपल्याला काय फरक पडतो. बघायचं ते भावोजी, म्हणजे अँकर आदेश बांदेकर, घरात शिरल्यानंतरचा गप्पांचा भाग. चाळीतली एवढीशी खोली असो की बंगला, माणूस तस्साच येऊन बसतो, वहिनी आधी नुसत्या लाजतात, मग लग्न कसं जमलं, सासूबाई पहिल्यांदा काय म्हणाल्या, असं करत करत त्या कधी मोकळ्या बोलायला लागतात ते त्यांनाच कळत नाही. उखाणा अडला तरी भावोजी घाई करत नाहीत, ही खरी कला, बाकीच्या अँकरना स्वतःचाच आवाज आवडतो!

दूरदर्शनवर ‘ताक धिना धिन’ हा कार्यक्रम करायचे तेव्हापासून माईक हातात आहे. होम मिनिस्टर २००४ला सुरू झालं आणि मग आख्खा महाराष्ट्रच ह्यांना भावोजी म्हणायला लागला. मधे २००९ला शिवसेनेकडून माहीममधून विधानसभेला उभे राहिले आणि पडले (वहिनी दार उघडतात, मतपेटीचं काही सांगता येत नाही), २०१७ला सिद्धिविनायक ट्रस्टचे अध्यक्ष पण झाले, तरी लोकांच्या तोंडी भावोजीच.

२०२०च्या लॉकडाऊनमधलं ‘घरच्या घरी’ हे पर्व मात्र मला चक्क आवडलं, व्हिडिओ कॉलवर सगळं, तरी गप्पा रंगल्याच. उलट २०२२चं महामिनिस्टर, ११ लाखांची पैठणी, मोठं स्टेज, गर्दी, आरडाओरडा, त्यात वहिनींशी निवांत बोलणंच राहून गेलं, मी तर अर्ध्यात सोडलं.

एक तक्रार आहेच. बँकेत नोकरी करणारी वहिनी असली तरी गाडी फिरून फिरून स्वयंपाक आणि सासू-सून ह्यावरच येते, तिच्या कामाबद्दल अजून चार प्रश्न विचारले असते तर काय बिघडलं असतं? आणि सलग बघू नका, जोक रिपीट होतात. दिवसाला एक बास, आणि खेळ सुरू झाला की खुशाल फॉरवर्ड करा.