जीएनयू पॅरलल: स्वतः कोयता न धरणारा मुकादम

मिरजेतल्या डॉक्टरांच्या प्रबंधांसाठी मेंदूच्या एमआरआयमधून आकडे काढून देणं हा माझा जोडधंदा. विश्रामबागेतल्या घरात एक डेस्कटॉप, प्रोसेसरचे आठ कोर, बत्तीस जीबी रॅम, जोडीला इन्व्हर्टर. हा अभिप्राय जीएनयू पॅरललवर, म्हणजे एकाच वेळी अनेक हुकूम (कमांड) चालवणाऱ्या फुकटच्या प्रोग्रॅमवर; मोठ्या सर्व्हरवाल्यांनी तो सोडून दिला तरी चालेल.

मोजमापाचं खरं काम फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर करतं. त्यातला रीकॉन-ऑल हा मुख्य हुकूम एकेका मेंदूला कित्येक तास खातो. साध्या फॉर-लूपमध्ये एक संपला की दुसरा, तोवर बाकीचे कोर बहुतेक रिकामेच. पॅरललला मेंदूतलं काही कळत नाही. ते ऊसतोड टोळीच्या मुकादमासारखं: चार कोयते कामाला लावतं, एक मोकळा झाला की त्याला पुढची सरी देतं. आठ कोर आहेत म्हणून आठ कामं मात्र लावू नका, आधी रॅम संपते. मी चारवर थांबते, शिवाय मेमफ्री पर्याय देते. ठरावीक रॅम मोकळी असल्याशिवाय मग नवं काम सुरूच होत नाही.

फुकटचं असूनही मी याला पैसे मोजले असते ते जॉबलॉगसाठी. कुठलं काम कधी सुरू झालं, किती वेळ चाललं, यशस्वी झालं की नाही, सगळं एका फाइलीत. पावसाळ्यात रात्री वीज जाते, इन्व्हर्टरही मान टाकतो. सकाळी पॅरललचा रिझ्युम पर्याय लावला की झालेले पेशंट वगळून उरलेले सुरू. पेच फ्रीसर्फरकडून येतो. अर्धवट पेशंटच्या फोल्डरमध्ये 'इज-रनिंग' नावाची फाइल राहते आणि ती दिसली की रीकॉन-ऑल हटून बसतं. तीच प्रतिमा पुन्हा इनपुट म्हणून दिलीत तरी नकारच. म्हणून माझी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची फाइल, आधी अर्धवट फोल्डर पुसते.

तक्रार एकच, अवतरणचिन्हांची. लांबलचक हुकूम थेट पॅरललला दिला की कुठलं चिन्ह कोण गिळेल सांगता येत नाही. एका पेशंटचं सगळं काम वेगळ्या बॅश स्क्रिप्टमध्ये लिहा आणि पॅरललला फक्त ती स्क्रिप्ट द्या. प्रबंधात आमचा उल्लेख करा, असं पॅरलल सुरुवातीला बजावतं. करावा, रास्त आहे.

जॉबलॉगमध्ये यशाची खूण म्हणून येणारा शून्य मात्र फक्त हुकूम न अडखळता संपला एवढंच सांगतो. एमआरआय चालू असताना डोकं हलवलेल्या पेशंटलाही शून्यच मिळतो. परवा एक निवासी डॉक्टर म्हणाले, "ताई, सगळं ऑटोमॅटिक आहे ना, मग उद्याच द्या की." म्हटलं, "उद्या नुसते आकडे मिळतील डॉक्टर, डोळ्यांखालून घातलेले हवेत तर सोमवारी या." प्रत्येक मेंदूच्या सीमारेषा मी फ्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे फ्रीसर्फरच्याच प्रतिमा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बघते, त्याला स्क्रिप्ट नाही.

नव्यांनी पहिल्यांदा पॅरललचा ड्राय-रन पर्याय लावावा. काहीही न चालवता सगळे हुकूम पडद्यावर दिसतात, चुकीचा फोल्डर तिथेच सापडतो.