खेळण्यातला ड्रोन की थेट कॅमेऱ्याचा? कोल्हापुरात शिकणाऱ्यासाठी

माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांतले बहुतेकजण आधीच ठरवून आलेले असतात. २४९ ग्रॅमचा, जीपीएसवाला, फोर-के कॅमेऱ्याचा ड्रोन घ्यायचा, फक्त मी ‘हो’ म्हणायचं बाकी असतं. आणि मी म्हणतो, भावा, आधी दोन-तीन हजारांचा खेळण्यातला घे. लगेच तोंड उतरतं.

कॅमेऱ्याचा ड्रोन उडवायला अवघड नाही, उलट जरा जास्तच सोपा आहे. रिमोटच्या काड्या सोडल्या की हवेत जागच्या जागी थांबतो, वारा आला तर स्वतःच सावरतो, बॅटरी उतरली की घरी परततो. दोन दिवसांत वाटतं, आपल्याला जमलं. पण त्यातलं निम्मं जीपीएसला जमलेलं असतं.

मला हे उसात कळलं. पाव्हण्यांच्या रानात मित्राचा ड्रोन लांब नेला आणि परत आणताना त्याचं तोंड माझ्याकडे होतं. अशा वेळी डावं-उजवं उलटं होतं: काडी उजवीकडे दाबली की ड्रोन आपल्या डावीकडे जातो. मला हे माहीत होतं, पण अंगठ्यांना माहीत नव्हतं. घाबरून आणखी जोरात दाबली आणि ड्रोन डोक्याएवढ्या उसात गेला. पात्यांनी हात चिरून घेत तासभर शोधला, शेवटी मोबाईलवरून त्याला पीं-पीं करायला लावलं तेव्हा सापडला.

खेळण्यातला ड्रोन नेमकं हेच शिकवतो. जीपीएस नसल्यामुळे तो सतत कुठंतरी सरकत राहतो आणि त्याला एका जागी धरून ठेवणं हीच शिकवणी. आधी पाठ आपल्याकडे, मग बाजू, मग तोंड आपल्याकडे. या तिन्ही स्थितींत हॉलमधल्या एका फरशीवर १ मिनिट थांबवता आला की पुढं जा. बॅटरी ७-८ मिनिटं टिकते, ही त्याची रड. बाहेर वाऱ्यात तर तो नेऊच नका, शेजारच्या कौलांवर जाऊन बसेल. कॅमेरा असला तरी नावापुरता.

आता जागेचं बघू, कारण कोल्हापुरात तुलना खरी इथं फिरते. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. उजळाईवाडीच्या विमानतळापासून मोजलं तर विद्यापीठ, कळंबा यांच्यासकट शहराचा मोठा भाग आतच येतो, आणि रंकाळा त्या रेषेच्या आसपास. त्यामुळं उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडायचाच. घरात शिकण्याला विमानतळाची आडकाठी नाही, हा खेळण्यातल्याचा मोठा गुण. कॅमेऱ्याच्यासाठी मात्र केर्लीच्या पुढं, ऊस तुटलेलं मोकळं रान गाठा. मालकाला विचारून. पन्हाळा अंतरात बसतो, पण ते संरक्षित स्मारक आहे, तिथं वेगळी परवानगी लागते.

रंकाळ्याचं आणखी एक. परवानगी असली तरी नवशिक्यानं पाण्यावर खाली उतरू नये. ड्रोनच्या पोटातले सेन्सर हलत्या, चमकत्या पाण्याला जमीन समजून फसतात. वर घारी असतातच. गच्चीवरून उडवायचा मोहही आवरा: स्लॅबमधल्या सळ्यांनी कंपास बिघडतो. आणि घरी परत येण्याची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर तो परत येताना सरळ माडात घुसतो.

कॅमेऱ्याच्या ड्रोनची खरेदीही जपून. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळं डीजेआय या चिनी कंपनीचा ‘मिनी’ दाखवणाऱ्या दुकानदाराला पक्कं बिल आणि दुरुस्ती कोण करणार हे आधी विचारा. २४९ ग्रॅमवर पंख्यांचे गार्ड चढवले की वजन २५०च्या वर जातं आणि ड्रोन ‘नॅनो’ या २५० ग्रॅमपर्यंतच्या गटातून त्यावरच्या ‘मायक्रो’ गटात. मग थर्ड पार्टी विमाही लागतो.

डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं; त्याच्या मान्यतेच्या संस्थेतल्या ड्रोन पायलट कोर्सचं थोडक्यात. नॅनोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, मायक्रोलाही हौसेपुरतं नाही. नॅनोपेक्षा मोठा ड्रोन घेऊन लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील, शेतात फवारणी करायची असेल, तर ते हवंच. वय १८, दहावी पास. नुसते स्वतःच्या रानाचे फोटो काढायचे असतील तर ती फी वाचवा आणि त्यात दोन जादा बॅटऱ्या घ्या.

ज्याच्याकडे एकाच वस्तूचे पैसे आहेत, त्यानं कॅमेऱ्याचाच घ्यावा, माझी ना नाही. फक्त पहिले दहा दिवस रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं नाही. १५ फुटांवर, तोंड आपल्याकडे करून, नुसते आठाचे आकडे काढत बसायचं. आसपास ऊस नसलेल्या रानात.