जुन्या लॅपटॉपवर जुने गेम: रेट्रोआर्क की सुटे इम्युलेटर?

माझा लॅपटॉप कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी. बॅटरी कधीच मेली, त्यामुळे वायर निघाली की कारभार आटोपला. मालवणच्या खाऱ्या हवेने कीबोर्डची चार बटणंही खाल्ली आहेत, पण गेमपॅड असल्यावर त्यांच्यावाचून अडत नाही. या मशीनवर वर्षभर रेट्रोआर्क वापरला, म्हणजे अनेक इम्युलेटर (जुन्या गेम कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्रॅम) एकाच छताखाली आणणारा प्रोग्रॅम. आता सुपर निन्टेंडोसाठी स्नेस९एक्स आणि पहिल्या प्लेस्टेशनसाठी ईपीएसएक्सई असे सुटे इम्युलेटर वापरतो.

वेगात म्हणावा तसा फरक नाही. सुपर निन्टेंडोचा मूळ प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा, पण त्याची हुबेहूब नक्कल करणारा बीस्नेस माझ्याकडे दमतो. आधी आवाज फाटतो, मग चित्र अडखळतं. स्नेस९एक्स मात्र सुटाही सुरळीत आणि रेट्रोआर्कमधला कोअरही (म्हणजे आत बसवलेला तोच इम्युलेटर). तिथे त्याच्या २००५ आणि २०१० या हलक्या आवृत्त्यासुद्धा मिळतात. रेट्रोआर्कचा मेनू तेवढा आरजीयूआय नावाच्या साध्या रूपावर आणावा लागला, नाहीतर यादी खाली सरकवतानाच मशीनला धाप लागायची. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत दोन्हीकडे निभावतं. पीएस२चा नाद करू नका.

गेमपॅडच्या बाबतीत रेट्रोआर्क उजवा, यात वाद नाही. एकदा बटणं लावली की सगळ्या कन्सोलना तीच. सुट्या इम्युलेटरमध्ये प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवा. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

तरी बदललं ते लाईटमुळे.

मे महिन्यात भाचा आला होता. सुपर निन्टेंडोवरचा एक लांबलचक कथेचा गेम त्याने तीन दिवस लावून धरला. गेम बंद करायचाच नाही, लॅपटॉप तसाच चालू. पण प्रत्येक गावातल्या धर्मशाळेत जाऊन इमानदारीत सेव्ह करायचा. तिसऱ्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, एक वीज कडाडली आणि लाईट गेली. रात्री उघडून बघतो तर सेव्हची जागा रिकामी.

"मामा, मी सेव्ह केलं होतं."

केलंच होतं. मूळ कॅसेटमध्ये ते सेव्ह बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीत जायचं. रेट्रोआर्क ती मेमरी रॅममध्ये धरून ठेवतो आणि गेम बंद करताना फाइलमध्ये उतरवतो. मधेमधे उतरवायचं तर सेव्हिंगच्या मेनूत 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल' आहे, माझ्याकडे ते बंद होतं. सेव्ह स्टेट (इम्युलेटरने घेतलेली गेमची त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद) लगेच लिहिली जाते, पण पोराने गेमच्या रीतीने सेव्ह केलं, त्याचं काय चुकलं?

दोष माझाच म्हणा, सेटिंग्ज वाचायला हवी होती. पण त्या जंगलात हे एक झुडूप आहे हे कळणार कसं? स्नेस९एक्समध्ये सेव्ह बदलल्यावर काही सेकंदांनी फाइल लिहिण्याची सोय आहे आणि मला ती न शोधता सापडली. तेव्हापासून लाईट किती वेळा गेली ते मोजलेलं नाही (जून-जुलैत कोण मोजतो?), सेव्ह मात्र एकदाही गेलं नाही. ईपीएसएक्सईचं मेमरी कार्डही आजवर शाबूत.

तुमची बॅटरी धड असेल, किंवा लॅपटॉप इन्व्हर्टरवर असेल, तर रेट्रोआर्क घ्यायला हरकत नसावी. आमच्या इन्व्हर्टरवर एक पंखा आणि स्वयंपाकघरातली ट्यूब आहे. तिसरं काही लावायचं नाही, असा आईचा हुकूम.