पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी का? शिरोळच्या एका विद्यार्थिनीचा सविस्तर अभिप्राय

निकाल लागले की बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे, कधी त्यांच्या आईवडिलांचे मला फोन येतात. पर्यावरणशास्त्र घ्यावं, की सरळ रसायनशास्त्रात एम.एस्सी. करावी? फोनवर याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून मी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. सध्या पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. महाविद्यालयाचं नाव देत नाही, कारण माझ्या तक्रारी एका विभागापुरत्या नाहीत.

माझं मत आधीच सांगते. अभ्यासक्रम घेण्यासारखा आहे, पण ज्या विभागाची प्रयोगशाळा चालू आहे आणि मुलं फील्डवर जातात तिथेच. जिथे तो फळ्यावर आणि झेरॉक्स नोट्सवर चालतो तिथे दोन वर्षं घालू नका.

पदवीला सगळ्यांनाच जो पर्यावरणाचा पेपर असतो, त्यावरून या विषयाचा अंदाज बांधू नका. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला, त्यातून तो अनिवार्य पेपर आला. हेतू फार चांगला होता, पण बहुतेक ठिकाणी त्याचा प्रकल्प म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीची नक्कल. त्यामुळे पर्यावरण म्हणजे झाडं लावा आणि प्लास्टिक टाळा एवढंच, असं समजून मुलं प्रवेश घेतात आणि पहिल्याच सत्रात टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन सोडून प्रमाण मोजणं), संख्याशास्त्र आणि कायद्याची कलमं समोर आली की घाबरतात. बारावीचं रसायनशास्त्र पक्कं असेल तर निम्मी भीती तिथेच संपते.

आता प्रयोगशाळेबद्दल. माझ्या मते या अभ्यासक्रमाचा जीव तिथेच आहे.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, मोजण्याची विंकलरची पद्धत आम्हाला सगळ्यात आधी शिकवली. ३०० मिलिलीटरच्या काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहता पाणी भरायचं, नदीकाठीच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, बूच लावून बाटली वरखाली करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. प्रयोगशाळेत परतल्यावर आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचं आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब सोडत राहायचं. आम्ही पंचगंगेचे नमुने प्रयाग चिखलीच्या संगमापासून खाली घेत गेलो. चिखलीच्या बाटलीत दाट तपकिरी साका. पुढे कोल्हापूर शहरात जयंती नाल्याच्या पाण्याची बाटली भरली, रसायनं घातली, हलवली आणि साका पांढराच्या पांढरा. आकडा यायच्या आधीच ते पाणी काय आहे हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. नदी प्रदूषित आहे हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या बाटलीनंतर ते माझ्यासाठी नुसतं वाक्य राहिलं नाही.

बीओडीचंही तसंच. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्याचं हे माप. परदेशात बऱ्याच ठिकाणी बाटल्या २० अंशांवर ५ दिवस ठेवतात, आपल्या भारतीय मानकात २७ अंशांवर ३ दिवस. परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न असतो, पण प्रत्यक्षात सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं. गुरुवारी बाटल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या की रविवारी टायट्रेशन आलंच. आमच्या लॅबमधले मामा त्यासाठी रविवारी येऊन कुलूप उघडायचे, आणि मधे वीज गेली असेल तर किती वाजता गेली, किती वाजता आली हे इन्क्युबेटरशेजारच्या वहीत लिहून ठेवायचे. नमुन्याशी प्रामाणिक राहणं मी त्यांच्याकडून शिकले. आज एखाद्या कारखान्याच्या अहवालावर बीओडी ३० च्या आत असं लिहिताना, म्हणजे नदीत सोडायच्या सांडपाण्याच्या मर्यादेत आहे असं लिहिताना, ती वही मला आठवते. विभाग पाहायला जाल तेव्हा ही वही जरूर मागा. इन्क्युबेटर नुसता ठेवलेला आहे की चालू असतो, ते तिच्या शेवटच्या तारखेवरून लगेच कळतं.

मातीच्या प्रात्यक्षिकाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण त्याने आमच्या घरातला एक निर्णय बदलला.

शिरोळ तालुक्यात काळी जमीन, बारमाही ऊस आणि पाण्याची चैन. पाणी भरपूर दिलं जातं, पण खाली निचरा नसतो. भूजल वर येतं, त्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. उन्हाळ्यात कडेच्या शेतांवर पांढरं फूल धरलेलं दिसतं. आमच्या खालच्या तुकड्यातही ते होतं. दुकानदाराने सांगितलं म्हणून आण्णा दर हंगामाला जिप्समची पोती आणून टाकायचे. दुसऱ्या सत्रात मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या गावची माती आणायची. मी तीच नेली.

मोजल्यावर दिसलं की विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या बरीच वर आहे, सामू (पीएच) मात्र साडेआठच्या खाली आणि सोडियमचं प्रमाणही १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नाही. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, तिथे जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हटवतं म्हणून जिप्सम लागतं. आमच्या तुकड्यात प्रश्न सुट्या क्षारांचा होता. ते गोड्या पाण्याने धुऊन खाली न्यायचे आणि खालून बाहेर काढायचे, एवढाच उपाय. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालावे लागतात, आणि ते एकट्याच्या शेतात घालून भागत नाही, कारण पाणी शेवटी ओढ्यापर्यंत न्यायला शेजारच्यांची वाट लागते. आण्णांनी बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यांना घरी बोलावलं आणि माझी प्रयोगवही पुढे ठेवली. म्हणाले, "पोरीनं मोजून दावलंय. जिप्समचं पैसं आता पायपात घालूया." चर्चा लांबली, एकाने नाही म्हटलं, बाकीचे तयार झाले. पाइप पडले. माझ्या फीचे पैसे तिथेच वसूल झाले, असं आण्णा अजून पाहुण्यांना सांगतात.

सर्वेक्षण आणि परिसंस्थेचा भाग मला तितकाच आवडला असता, पण इथे माझी मोठी तक्रार आहे आणि ती वेळापत्रकाची आहे. आपल्याकडच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारांवरची फुलं ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात बघायची असतात. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार आम्हाला इतकं जवळ. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वर्ग सुरू होईपर्यंत पाऊस ओसरायला लागलेला असतो, आणि चौकट टाकून वनस्पती मोजण्याचं प्रात्यक्षिक डिसेंबरात महाविद्यालयाच्या आवारातल्या वाळक्या गवतावर होतं. शॅनन निर्देशांकाचं, म्हणजे जैवविविधता आकड्यात मांडण्याचं गणित त्या गवतावरही सुटतं, हे खरं. पण पश्चिम घाटातल्या काही स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात आमचं राधानगरी अभयारण्य आहे, आणि तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांनी विविधता वाळक्या गवतावर शिकावी हे मला पटत नाही. जूनमध्ये निदान दुसऱ्या वर्षाच्या मुलांची फील्ड सुरू करता येते. काही विभाग करतात. तुम्ही निवडाल तो करतो का, विचारा.

कायदा आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासणं) हा भाग आमच्याकडे सगळ्यात कच्चा होता. १९७४ चा पाणी कायदा, १९८१ चा हवा कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, हे सगळं उतरवून घ्यायचं आणि पेपरात उतरवायचं. जनसुनावणी म्हणजे काय यावर दहा गुणांचा प्रश्न, आणि एकाही जनसुनावणीला वर्ग गेला नाही. खाणींचे, कारखान्यांचे मूल्यांकन अहवाल केंद्राच्या परिवेश पोर्टलवर वाचायला मिळतात. एक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गात वाचला असता, त्यातला पाण्याचा हिशेब आम्हीच तपासला असता, तर त्या सगळ्या नोट्सपेक्षा जास्त शिकलो असतो. पश्चिम घाटाच्या संरक्षणावरचा गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल आणि कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा अहवाल यांतला फरक आम्ही तक्त्यात पाठ केला. शाहूवाडी, राधानगरी, आजरा भागातली मुलं आमच्याच बाकावर होती. त्यांच्या गावांचं नाव संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आलं तेव्हा ग्रामसभेत काय बोललं गेलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. प्राध्यापकांना दोष द्यावा असंही वाटत नाही. कायमस्वरूपी जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक तीन-तीन विषय सांभाळणारे, त्यांच्याकडून आणखी किती मागणार? पण विद्यार्थ्याचं नुकसान होतं ते होतंच.

उपग्रह प्रतिमांचा पेपर मात्र चांगला झाला, आणि त्याला पैसेही फारसे लागले नाहीत. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सेंटिनेल या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमाही फुकट मिळतात. माझ्या मैत्रिणीने ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा नकाशा प्रकल्पासाठी केला. पुराच्या दिवसांत आभाळ ढगांनी भरलेलं, त्यामुळे साध्या प्रतिमेत काहीच दिसत नाही. रडारच्या लहरी ढगांतून पार जातात, म्हणून तिने सेंटिनेल-१ हा रडारचा उपग्रह वापरला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. त्या आकड्याच्या वर पाणी गेलं की कुठली गल्ली, कुठला मळा, कुठला रस्ता आधी जातो, हे तिच्या नकाशावर गावकऱ्यांना बोट ठेवून दाखवता येत होतं.

नोकरीबद्दल सरळ लिहिते, कारण खरा प्रश्न तोच असतो. कॅम्पसवर कंपन्या येतील अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे आल्या नाहीत. आमच्या भागात कामं आहेत ती साखर कारखाने आणि डिस्टिलरींच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसर्सकडे, तपासणी प्रयोगशाळांत, पर्यावरण सल्लागारांकडे. नेट-सेट करून शिकवणं आणि स्पर्धा परीक्षा हे रस्ते आहेतच. सुरुवातीचा पगार औषध कंपन्यांत गेलेल्या रसायनशास्त्राच्या मुलांपेक्षा कमी असतो. पुढे वाढतो, पण हात चालत असेल तरच. मुलाखतीत मला व्याख्या कुणी विचारल्या नाहीत. मळीपासून दारू करणाऱ्या डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे तिथल्या सांडपाण्याचा, सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूचं माप) काढायचा आहे, किती पट पातळ कराल, असं विचारलं. ज्याचा सीओडी लाखाच्या घरात असतो ते सांडपाणी तसंच घेतलं तर ती घाण जाळणारं डायक्रोमेट जागच्या जागी संपतं आणि हाती आकडा येत नाही. ज्यांनी हे स्वतःच्या हाताने केलं होतं त्यांना उत्तर सुचलं.

मुलींच्या घरच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. प्रक्रिया केंद्रावरची नोकरी शिफ्टची असते आणि कारखाना गावाबाहेर असतो, त्यामुळे पुष्कळ घरी लगेच नकार येतो. प्रयोगशाळेतलं काम दिवसाचं असतं आणि नमुने आणायला गाडीत दोघं जातात. माझ्यासोबत काम करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली आहेत. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर केंदाळ (जलपर्णी) बाजूला सारून आम्ही नमुना घेतो तेव्हा काठावरची माणसं हटकून विचारतात, "काय निघालं गं पाण्यात?" त्यांना उत्तर देता यायला हवं. मला वाटतं, हे काम आमच्या भागातल्याच मुलामुलींनी करावं.

प्रवेशाआधी एक दिवस काढा आणि विभागात कामाच्या वेळेत जा, प्रवेशाच्या टेबलापाशी न थांबता थेट लॅबमध्ये. सेकंड इयरची मुलं काय करताहेत ते बघा. त्यांना त्यांची प्रयोगवही दाखवायला सांगा. सगळ्यांचे आकडे दशांशापर्यंत सारखे असतील तर समजा, मोजलं एकाने आणि लिहिलं सगळ्यांनी. आकडे थोडे वेगवेगळे असतील, खाडाखोड असेल, कडेला "पुन्हा केले" असं लिहिलेलं असेल, तर अर्ज भरा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प आले आहेत, तेव्हा मागच्या तुकडीची मुलं त्यासाठी कुठे गेली होती तेही तिथेच विचारून घ्या, आणि शक्य असेल तर त्यातल्या एकीचा नंबर घेऊन या.