पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधायचं ॲप, दिवाळीपासून वापरतेय त्याचा अनुभव

आधीच सांगते, हा वर्डलचा रिव्ह्यू नाही. (वर्डल म्हणजे रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा चान्समधे ओळखायचा खेळ, अक्षर बरोबर जागी असलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी.) वर्डल फुकट आहे, आवडलं तर खेळा नाहीतर सोडा. मी लिहितेय ते त्याच्या जोडीला लोक फोनवर ठेवतात त्या शब्द शोधायच्या ॲपबद्दल, म्हणजे आपण सांगायचं की पाच अक्षरं, मधे ए, शेवटी ई, आर आणि टी नाहीत, की ते भराभर यादी काढतं आणि प्रत्येक शब्दापुढे अर्थ देतं. नाव मुद्दाम देत नाहीये, असली ॲप्स ढिगाने आहेत आणि सगळ्यांची धाटणी तीच.

पहिला वैताग म्हणजे यादी. जॉश वॉर्डलने हा खेळ पार्टनरसाठी, म्हणजे पलक शाहसाठी बनवला, तेव्हा बारा हजारांच्या आसपास पाच अक्षरी शब्द होते आणि त्यातले ओळखीचे साधारण अडीच हजार तिनेच बसून निवडले, उत्तरं त्यातनंच यायची. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला, आता तिथे एडिटर आहे, पण यादीचा स्वभाव तोच राहिलाय, नुसता एस चिकटवून केलेलं अनेकवचन उत्तरात जवळपास येतच नाही. ॲपला यातलं कशाचंच सोयरसुतक नाही. ते ए-बी-सी-डीच्या क्रमाने सगळं ओतत जातं, सगळ्यात वर ए-ए-एच-ई-डी, अर्थ काय तर 'आ' असा आवाज केला. कोण बोलतं हे? नेहमीचे शब्द वर, चमत्कारिक खाली, एवढं एक बटण दिलं असतं तर अर्धी तक्रार संपली असती.

पण जिथे हे कामाला येतं तिथे खरंच येतं. शेवटी ए-टी-सी-एच हिरवं झालं की माणसाला वाटतं जिंकलो, आणि तिथेच गाडी अडकते, कारण बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच असे सात उमेदवार रांगेत आणि हातात चान्स तीन. एकेक करून बघत बसलात तर गेलात. ॲपमधे समान अक्षरांचा गट एका नजरेत दिसतो म्हणून मग युक्ती सुचते, की उत्तर नसलेला शब्द टाकायचा, उदाहरणार्थ क्लाइंब. त्यात सी, एल, एम, बी चारही आहेत, म्हणजे एका फटक्यात कॅच, लॅच, मॅच, बॅच यांचा निकाल लागतो आणि कोणीच नसेल तर तीनच उरतात. आय-जी-एच-टीवाल्यांचं पण तेच (लाइट, नाइट, फाइट, राइट, टाइट, संपतच नाहीत) आणि ओ-यू-एन-डीवाल्यांचं पण. हार्ड मोडवर ही युक्ती चालत नाही, मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात, म्हणून मी हार्ड मोड बंद केलाय आणि मला त्याची लाज वाटत नाही.

स्वर नसलेल्यांचा फिल्टर मस्त आहे. निंफ, क्रिप्ट, लिंफ, ट्रिस्ट, ग्लिफ, सगळा कारभार वायवर. त्यातच एम-वाय-आर-आर-एच निघाला, अर्थ लिहिलाय 'एक सुगंधी डिंक', बास. अहो तो आपला हिराबोळ, बाळंतिणीसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून आणतात तो! यू नसलेल्या क्यूची यादी तर याहून भारी, फकीर, तलाक, निकाब, आणि कनात. ही कनात म्हणजे आपल्या तंबूची नाही, जमिनीखालून उतारावर पाणी वाहून आणायची इराणी पद्धत, मलिक अंबरने औरंगाबादेत, आताच्या संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी काढली ती याच जातीची. ॲपमधे अर्थ दोन शब्दांत उरकलाय, 'पाण्याचा बोगदा'.

अर्थांचा कॉलम एकूणच असा आहे, हात राखून. डब्ल्यू-ओ-यू-एन-डीपुढे फक्त जखम. उच्चार वूंड केला तर जखम, वाउंड केला तर 'गुंडाळलं', घड्याळाला किल्ली दिली तिथे वापरतात ते, याचा पत्ताच नाही. सी-ए-यू-एल-केचा अर्थ मात्र नीट दिलाय, बाथरूमच्या फटी बुजवायचा मसाला. आणि होमर! मे २०२२ मधे हे उत्तर आलं होतं तेव्हा अमेरिकेबाहेरचे लोक जाम चिडले होते, बेसबॉलमधल्या होम रनला तिकडे बोलताना होमर म्हणतात, आपल्याकडे क्रिकेटवाल्यांनी हे कुठून ओळखायचं. असल्या शब्दाला 'फक्त अमेरिकेत' एवढी खूण तरी हवी, तीही नाही.

आता खरी गोची. समजा मी दोन ई असलेला शब्द टाकला आणि उत्तरात ई एकच आहे, तर वर्डल एक ई पिवळा किंवा हिरवा करतं आणि दुसरा राखाडी. मी ॲपच्या 'नको' वाल्या रकान्यात ई टाकला तर ई असलेले सगळेच शब्द उडतात, उत्तरासकट, आणि नाही टाकला तर दोन ईवाले शब्द उगाच यादीत लोळत राहतात. एक अक्षर किती वेळा हे सांगायची सोयच नाही. विविड किंवा ममीसारखं उत्तर असलं की हे ॲप पूर्ण निरुपयोगी, तेव्हा मी वही-पेन घेते.

सुरुवातीला कुठला शब्द टाकायचा याचा सल्लाही हे ॲप देतं, अड्यू (ए-डी-आय-ई-यू), का तर चार स्वर. टाइम्सच्याच बॉटने, म्हणजे आपला डाव तपासून सांगणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमने, कधी क्रेन कधी स्लेट वर ठेवलेत, आणि मलाही स्लेटने जास्त हात दिला. स्वर कुठले ते कळून फार फरक पडत नाही, व्यंजनं कळली की शब्द उलगडतो.

अजून एक, इन्स्टॉल केल्या केल्या नोटिफिकेशन बंद करा. सकाळी सकाळी 'आजचं उत्तर' म्हणून शब्दच स्क्रीनवर आणून आदळतं, अर्थासकट! नवा शब्द प्रत्येकाच्या घड्याळाप्रमाणे रात्री बाराला येतो, म्हणजे आपल्याकडे आला तेव्हा न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीकडे आदल्या दिवसाची दुपार असते, ती 'मावशी, काही बोलू नकोस हं' असं ग्रुपवर आधीच बजावून ठेवते. मी तिला फक्त रंगीत चौकटी पाठवते.

पैसे भरून घ्यायचं व्हर्जन आहे, मी महिनाभर घेतलं होतं, जाहिराती जातात आणि शब्द सेव्ह करता येतात, यापलीकडे काही नाही, अर्थ तेच तोकडे. शब्दांची यादी फोनमधेच असते त्यामुळे नेट बंद करून उघडलं तरी चालतं आणि जाहिराती येत नाहीत, मी तसंच वापरते.