अश्वगंधा घेतली, चहा आवरला: काही महिन्यांनंतरचा अनुभव

अश्वगंधेने मला झोप दिली. छातीतली धडधड मात्र कमी झाली ती संध्याकाळचा चहा सोडल्यावर आणि रोजचं चालणं सुरू केल्यावर. गेल्या पावसाळ्यापासूनच्या वापरानंतर माझं हे मत झालंय. आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापूर भागात बायका एकमेकींना बिनधास्त अश्वगंधेची डबी सुचवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात हिशेब बघते. जीएसटी, पगार, पार्ट्यांची उधारी. घरी सासूबाईंचं दुखणं आणि मुलीची बारावी. पहाटे तीनच्या सुमाराला जाग यायची ती छातीत धस्स होऊनच. तळव्यांना घाम, हातपाय गार, आणि कारण विचाराल तर काही नाही. दिवसा नुसता फोन वाजला तरी पोटात गोळा यायचा.

काहीही घ्यायच्या आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "अगोदर रक्त बघूया की, मग मनाचं बघू." थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ईसीजी. थायरॉईड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, हाताची बारीक थरथर, झोप उडणं असं सगळं हुबेहूब होतं. रक्त कमी असलं तरी छाती धडधडते. माझं थायरॉईड ठीक निघालं, बी-१२ कमी होतं. आमचं घर पूर्ण शाकाहारी, त्यात दूध-दही मी फारसं घेत नसे. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. ही तपासणी कुणीही टाळू नये, कारण अश्वगंधा स्वतःच थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकते. ज्यांचं ते आधीच वाढलेलं आहे त्यांनी ती घेणं म्हणजे दुखण्यात भर.

मग शहापुरातल्या एका वैद्यबाईंच्या सल्ल्याने चूर्ण आणलं. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात मुळ्याही सुट्या मिळतात. बोटाएवढ्या, बाहेरून मातकट, मोडल्या की आत पांढऱ्या. चूर्णाची मात्रा साधारण ३ ते ६ ग्रॅम; मला कमीत कमी सांगितली होती. रात्री कोमट दुधात, वर थोडं तूप. चव कडवट-तुरट. कितीही ढवळा, चूर्ण विरघळत नाही; शेवटच्या घोटाला तळाचा गाळ जिभेवर येतो. त्याला एक उग्र दर्पही आहे. मला त्याची सवय झाली, मुलीला वाससुद्धा सहन होत नाही.

पुढे महिनाअखेरच्या गडबडीत दूध तापवणं जमेना, तेव्हा त्यांनीच कॅप्सूल लिहून दिली, ३०० मिलिग्रॅमचा अर्क. २०१२ साली हैदराबादला झालेल्या एका प्रयोगात हाच डोस दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला होता. ६४ माणसं होती, अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. खरी घेणाऱ्यांचा ताण जास्त उतरला आणि रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोनही घटलं. माणसं कमी होती, पण दिशा कळते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डबीवर काय बघायचं ते सांगते. अर्क मुळाचा आहे असं स्पष्ट छापलेलं हवं. पानं मिसळलेला माल स्वस्त पडतो, पण पानं वापरू नयेत अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच दिली आहे. विथॅनोलाइड्सचं, म्हणजे अश्वगंधेतल्या मुख्य गुणकारी घटकांचं प्रमाण टक्क्यांत दिलेलं असावं आणि परवाना क्रमांक असावा. "तणाव सात दिवसांत गायब" असं छापलेली डबी परत ठेवून द्यावी.

पहिले पंधरा दिवस काहीच फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यापासून झोप गाढ लागू लागली. तीनला जाग आलीच तरी कूस बदलून परत डोळा लागायचा, आणि माझ्यासाठी हीच मोठी गोष्ट होती. दिवसाची घालमेल थोडी बोथट झाली, पण गेली नाही. त्रास म्हणाल तर रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, आणि सकाळी अर्धा तास अंग जड. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर मळमळ थांबली.

आता चहाचं. कारखान्यात टपरीवरचा पोरगा दर दीड-दोन तासांनी केटली घेऊन येतो, आणि नाही म्हणायची पद्धतच नाही. कडक, साखर भरपूर. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं, आणि ते हृदयाचे ठोके वाढवतं. ज्याच्या मनात आधीच काहूर आहे त्याला ती धडधड भीतीचीच वाटते, आणि त्या भीतीने धडधड आणखी वाढते. हे कळल्यावर मी दुपारनंतरचा चहा बंद केला. हळूहळू केला, एकदम तोडला असता तर डोकं ठणकलं असतं. चारच्या केटलीला आता मी जिऱ्याचं गरम पाणी घेते. दोन आठवड्यांत जो फरक पडला तो अश्वगंधेने दोन महिन्यांत पडला नव्हता.

खाण्यातही एक बदल फार कामाला आला. सकाळी नुसत्या चहावर निघायचं आणि दीडला डबा उघडायचा, ही सवय मोडली. बराच वेळ पोटात काही नसलं की काहींना हात थरथरणं, घाम, घाबरल्यासारखं होणं असं सगळं होतं. माझं अकराच्या सुमाराचं घाबरणं बरंचसं उपाशीपणाचं होतं. आता निघण्याआधी नाचणीची आंबील ताक घालून, नाहीतर भाकरी, शेंगाचटणी आणि दही. नाचणी आणि शेंगदाण्यात मॅग्नेशियम चांगलं असतं, नसा आणि स्नायूंच्या कामाला ते लागतं. त्याच्या वेगळ्या गोळ्यांचा खर्च मला गरजेचा वाटला नाही.

चालायला मी येळ्ळूर रस्त्याला जाते, राजहंसगड समोर ठेवून. दोन्ही बाजूंना शिवार. पावसाळ्यात भात, ते निघालं की मसूर. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप वेळेवर येते, हे मी स्वतः अनुभवलंय. अर्धा तास, भराभर. फोन घरी. शेजारच्या काकू बरोबर असतात, त्या आपल्या सुनेबद्दल बोलतात, मी ऐकते. त्यानेही मन हलकं होतं. धडधड सुरू झालीच तर श्वास आत चारपर्यंत मोजून घ्यायचा आणि बाहेर सहा-सातपर्यंत लांबवायचा. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. ऑफिसात खुर्चीवर बसून करता येतं, कुणाला कळतसुद्धा नाही.

ब्राह्मीही काही दिवस घेतली, पोट बिघडलं, सोडली. जटामांसीच्या वाटेला गेले नाही. हिमालयातली ती वनस्पती संपत चालली आहे आणि बाजारात भेसळही होते.

खानापूरच्या मावसबहिणीने फोन करून विचारलं, "मी पण सुरू करू का गं?" ती मधुमेहाची गोळी घेते. तिला सांगितलं, आधी डॉक्टरांना विचार. साखर, रक्तदाब, झोप, थायरॉईड यांची औषधं चालू असतील तर त्यांच्याशी अश्वगंधेची गाठ पडते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना तर नकोच. यकृताला इजा झाल्याची काही उदाहरणं नोंदलेली आहेत. क्वचित घडतं, पण घडतं. लघवी गडद होणं, अंगाला खाज, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये यावर बंदीच घातली. बहुतेक प्रयोग दोन-तीन महिन्यांचेच आहेत, म्हणून मीही सलग घेतली नाही. तीन महिन्यांनी सोडली, यकृताची तपासणी केली, मग पुढचं ठरवलं.

आणि ज्यांना जेवण जात नाही, घराबाहेर पडवत नाही, जगणं नकोसं वाटतं, त्यांनी चूर्णावर वेळ घालवू नये. धारवाडला डिम्हान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे, बेळगावहून बसने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर अश्वगंधेच्या भरवशावर त्या मनाने थांबवू नयेत.

माझी डबी सध्या बंद आहे. चहाचा नियम आणि चालणं चालू आहे. मार्चअखेरीचं काम अंगावर आलं आणि झोप पुन्हा मोडली, तर वैद्यबाईंना विचारून महिना-दोन महिने परत घेईन, यावेळी चूर्णच.