अण्णांची .३१५ रायफल: ८ महिने आणि ४२ पुंगळ्यांनंतर

अण्णा गेल्यावर वारस म्हणून रायफल माझ्या परवान्यावर चढायला बराच काळ गेला. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५, पाच काडतुसांचं मॅगझिन. लाकूड काळपट झालंय, पण फौजेत .३०३ चालवलेल्या माणसाला बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) हातात घेताच ओळख पटते, सांगाडा ली-एनफिल्डचाच, म्हणजे त्या .३०३ रायफलीचाच. फौजेचं .३०३ काडतूस खासगी हातात जाऊ नये म्हणून इंग्रजांनी त्यावर बंदी घातली, म्हणून त्याच सांगाड्यावर ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मॅनलिखर काडतुसाची ही नागरी रायफल आली.

ऑक्टोबर ते मे रेंजवर चार खेपा झाल्या, ४२ काडतुसं उडवली. ५० मीटरवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात, मला तेवढं पुरे. खरं सांगायचंय ते पुंगळ्यांबद्दल, म्हणजे गोळी उडाल्यावर मागे राहणाऱ्या पितळी नळकांड्यांबद्दल.

पहिल्या खेपेला अण्णांच्या ट्रंकेतली जुनी १० काडतुसं नेली. तीन पुंगळ्यांच्या मानेला (गोळी बसते त्या अरुंद टोकाला) उभी चीर गेली आणि शेवटच्या दोन-तीन वेळा बोल्ट इतका अडकला की तळहाताने ठोकून उघडावा लागला. रेंजवरचा एकजण म्हणाला, "नळी गेली, आता जमा करा." ते फार लागलं मनाला. अण्णांनी ती पोरासारखी सांभाळली होती.

घरी येऊन वर्तमानपत्रावर पुंगळ्या ओळीने मांडल्या. मग भिंग घेऊन ट्रंकेतली न उडवलेली काडतुसं पाहिली. त्यातल्या दोघांच्या मानेवरही केसासारखी बारीक चीर! म्हणजे चीर रायफलीने पाडलेली नाही, ती आधीपासूनच होती. कारणही घरातच सापडलं. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि ती ट्रंक वर्षानुवर्षं गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होती. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया आणि ओलावा एकत्र आले की ताणाखालचं पितळ तडकतं. इंग्रजांच्या घोडदळाला हाच अनुभव हिंदुस्थानात आला होता: पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं चिरायची. त्यामागे अमोनिया आहे हे १९२१ साली नीट सिद्ध झालं. आमच्या गोठ्याच्या भिंतीआड तेच घडत होतं. उरलेली जुनी काडतुसं मी परवानाधारक दुकानदाराकडे रीतसर जमा केली. नव्या काडतुसांत एकही मान चिरली नाही.

बोल्ट मात्र नव्या काडतुसांनाही अडकतच होता. पुंगळीच्या अंगावर बोट फिरवलं तर एका जागी बाजरीच्या दाण्याहून बारीक उंचवटा लागायचा आणि तिथून मागे बुडाकडे सरळ ओरखडा. दुसऱ्या खेपेला प्रत्येक काडतुसाच्या बुडावर मार्कर पेनने ठिपका दिला आणि ठिपका बरोबर वर ठेवून एकेक भरलं. आठही पुंगळ्यांवर उंचवटा ठिपक्याच्या उजवीकडे, घड्याळात चार वाजतात तिथे. जागा बदलत राहिली असती तर मी काडतुसाला दोष दिला असता. ती ठरलेली होती, तेव्हा खोट चेंबरचीच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेची. पुंगळीवर खळगा असेल तर चेंबरमध्ये काहीतरी पुढे आलेलं असतं किंवा कचरा अडकलेला असतो. उंचवटा असेल तर चेंबरलाच खड्डा असतो, दाबाने पितळ त्यात शिरतं आणि बाहेर येताना धरून बसतं. असे खड्डे गंजाने पडतात: जुन्या लष्करी प्रायमरमधल्या (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) क्लोरेटचं मीठ मागे राहतं आणि ओल ओढून लोखंड गंजवतं. ते तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघतं. म्हणून जुने जवान नळीत उकळतं पाणी ओतून मगच फुलतरूला (नळी पुसायच्या दोरीला) चिंदी लावायचे. अण्णा नळी तशीच धुवायचे, पण चेंबरचा कोपरा कुठेतरी राहिला असणार.

तिसरी भीती होती ती बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर दिसणाऱ्या चकचकीत कड्याची. ली-एनफिल्डचा बोल्ट बंद केल्यावर मागच्या बाजूला लॉक होतो, त्यामुळे उडताना सांगाडा थोडा लवतो आणि पुंगळी ताणली जाते. ताण जास्त असेल तर ती नेमकी तिथे आतून झिजते आणि एक दिवस बूड वेगळं निघून येतं. पण नुसत्या कड्यावरून घाबरू नका. बुडाचं जाड पितळ जिथे संपतं तिथे असं कडं निरोगी पुंगळीवरही उमटतं. तार वाकवून टोकाला बारीक आकडा करा, आतल्या भिंतीवरून खालून वर ओढा. खाच असेल तर टोक अडखळतं. माझ्या एकाही पुंगळीत ते अडखळलं नाही.

आर्मररने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) आधी गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा, पाहिला. तो ठीक निघाला. मग चेंबरमधल्या खड्ड्याच्या धारदार कडा त्याने मोडल्या. (पॉलिश पेपर घेऊन हे घरी करू नका, चेंबर मोठं झालं तर कायमचं बिघडतं.) जाताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी पुंगळ्या पुसून आणू नका हं साहेब, पडल्या तशाच आणा." मी त्या राखेने घासून लख्ख करून नेल्या होत्या.

आणखी एक. रेंजवर जायच्या आधी चेंबरचं तेल कोरड्या चिंदीने पूर्ण टिपून घ्या. पुंगळी तेलकट असली की चेंबरची भिंत धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

मेमधली शेवटची खेप १२ काडतुसांची. उंचवटा अजून उमटतो, चार वाजण्याच्याच जागी, पण ओरखडा गेला. बोल्ट आता दोन बोटांनी उघडतो.